हलगीचा ठोका आणि ६४ केबीपीएस: टीव्हीवरून उतरवलेल्या व्हिडिओचा आवाज किती दाबायचा

२००८ सालची गोष्ट. शाहूपुरीतल्या एक काकी माझ्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या दुकानात व्हीएचएसची कॅसेट घेऊन आल्या. लोकल केबलवर खासबागेतलं कुस्त्यांचं मैदान दाखवलं होतं, ते त्यांच्या दिरांनी घरच्या व्हीसीआरवर उतरवून ठेवलेलं. काकींना कुस्त्यांचं काही नव्हतं. त्यांचे मालक त्या मैदानात हलगी वाजवत होते. तीन तासांच्या कॅसेटमध्ये ते दिसले मोजून दोनदा, पण ऐकू सारखे येत होते. "चित्राचं काय बी होऊ दे, हलगी तेवढी नीट आली पाहिजे," एवढं सांगून काकी गेल्या.

मी तीन तास एका ७०० एमबीच्या सीडीत कोंबले. चित्राला जागा मिळावी म्हणून आवाज एमपी३ मध्ये ६४ केबीपीएसवर (सेकंदाला ६४ किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) आणला, दुकानातल्या टीव्हीच्या स्पीकरवर दोन मिनिटं ऐकला, ठीक वाटला, दिली सीडी. पुढं ऑगस्ट २०१९ च्या महापुरात काकींच्या घरात पाणी शिरलं आणि कॅसेट गेली. सीडी पुण्याला लेकीकडं होती म्हणून राहिली. ती पेनड्राइव्हवर घालून द्या म्हणून काकी परत आल्या, तेव्हा मी पहिल्यांदाच हेडफोन लावून ती ऐकली. हलगीच्या ठोक्याची कडच गेलेली. कैताळ, म्हणजे हलगीबरोबरच्या झांजा, तर तापल्या तव्यावर कुणीतरी पाणी शिंपडतंय. काकी समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी हेडफोन काढून त्यांना दिला नाही.

तेव्हापासून आवाजाच्या सेटिंगांच्या मागं लागलो. घरच्या कॅसेटा किंवा सेटटॉप बॉक्सवरचं काही उतरवून ठेवणार असाल, तर मी ज्या क्रमानं करतो त्याच क्रमानं सांगतो.

उतरवताना आवाज दाबायचाच नाही

कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजासाठी "नो कॉम्प्रेशन" किंवा "पीसीएम" असा पर्याय असतो, तो घ्या. ४८,००० हर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे तेवढे नमुने), १६ बिट, स्टिरिओ. यात सेकंदाला १५३६ किलोबिट लागतात, म्हणजे तासाला साधारण ६९१ एमबी. आकडा बघून दचकू नका. डीव्ही फॉरमॅटमध्ये उतरवलं तर तासाला १३ जीबीच्या आसपास जागा जाते; १३ जीबीच्या गाडीत ६९१ एमबीचं पोतं काही जड नाही. शिवाय ही फाइल कायमची ठेवायची नसते, काम संपेपर्यंतच.

एवढा अट्टहास का? एमपी३ असो, एएसी असो, ते आवाज दाबताना काही भाग टाकून देतात. मोठ्या आवाजाखाली झाकलेला बारीक आवाज कानाला तसाही कळत नाही, तो टाकला तरी चालतो, असा त्यांचा हिशेब असतो. हिशेब बरोबर आहे, पण एकदाच. दाबलेला आवाज परत दाबायला घेतला की दुसऱ्या खेपेला पहिल्या खेपेची खरखरही खरा आवाज समजून जपली जाते आणि खरं ते आणखी जातं. चिपाड दुसऱ्यांदा चरकात घातलं तर रस किती निघणार? म्हणून दाबायचं ते एकदाच, सगळं कापून-निवडून झाल्यावर.

ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरनं उतरवणाऱ्यांनी इथं डोळे उघडे ठेवा. ते आपणहून एएसीमध्ये १६० केबीपीएसनं रेकॉर्ड करतं आणि तुम्हाला वाटतं आपण मूळ आवाज घेतोय. नव्या आवृत्त्यांत पीसीएम आणि फ्लॅक (काहीही न टाकता दाबणारा प्रकार) मिळतं. तुमच्याकडं नसेल तर निदान ३२० वर नेऊन ठेवा.

४८,००० की ४४,१०० असा घोळ पुष्कळजण घालतात. ४४,१०० हे ऑडिओ सीडीचं आणि जुन्या व्हीसीडीचं. डीव्हीडी, डीव्ही कॅमेरा, सेटटॉप बॉक्स हे सगळे ४८,००० वाले. उतरवताना जो आकडा घेतला तोच शेवटपर्यंत ठेवा, मधे बदलायचं कारणच नाही. आणि व्हीएचएससाठी २४ बिट म्हणजे बोळातून जायला बुलडोझर.

दोन गोष्टी वायरीच्या. पिवळी चित्राची, पांढरी डाव्या आवाजाची, लाल उजव्या. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच डोंगलमधून, म्हणजे व्हीसीआर कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीतून, आत घ्या. चित्र डोंगलनं आणि आवाज कॉम्प्युटरच्या लाइन-इननं घेतला की दोघांची घड्याळं वेगळी चालतात. दहा हजारात एकाचा फरक असला तरी तीन तासांत सेकंदाच्या वर जातो. पैलवान आधी पडतो आणि लोक नंतर ओरडतात.

आवाजाचा काटा शून्यावर जाऊ द्यायचा नाही. कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज आधी शोधा. माझ्याकडच्या कॅसेटांत तो बहुतेक वेळा कुस्ती चितपट झाल्यावरचा असतो. तिथं काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहील एवढंच चढवा. शून्याला धडकून फाटलेला आवाज कुठल्याही बिटरेटनं शिवता येत नाही. विंडोजमध्ये रेकॉर्डिंगच्या सेटिंगांत "एन्हान्समेंट" म्हणून असतात, त्या सगळ्या बंद करा. त्या माइकवर बोलणाऱ्या माणसासाठी असतात, हलगीला त्या गोंगाट समजतात.

मोनो आहे का, हे आधी बघा

काकींच्या सीडीत मी नेमकं काय चुकलो ते मला पुरानंतर कळलं. इतकी वर्षं वाटत होतं, ६४ आकडा कमी पडला. तो कमी होताच, पण खरी गफलत वेगळी होती.

साध्या घरगुती व्हीसीआरवर आवाज टेपच्या कडेला एका बारीक पट्टीवर नोंदला जातो, जागेवर स्थिर असलेल्या हेडनं. तो मोनो असतो, म्हणजे डावं-उजवं वेगळं नसलेला एकच आवाज, आणि साधारण १० किलोहर्ट्झच्या पुढं त्यात फारसं काही शिल्लक नसतं. हाय-फाय व्हीसीआरची गोष्ट निराळी. त्यात आवाज फिरत्या ड्रमवरच्या हेडनं लिहिला जातो, स्टिरिओ असतो आणि पार २० किलोहर्ट्झपर्यंत जातो. काकींच्या दिरांचा व्हीसीआर साधा. पण माझ्या वायरीनं तोच एक आवाज डाव्या-उजव्या दोन्हीकडं पाठवला आणि मी एमपी३ च्या खिडकीत "स्टिरिओ" तसंच राहू दिलं. जॉइंट स्टिरिओसुद्धा नाही (त्यात दोन्हीकडचा सारखा भाग एकदाच लिहितात), साधा स्टिरिओ. म्हणजे ६४ चे दोन वाटे झाले, आणि एकच हलगी डावीकडं ३२ मध्ये आणि उजवीकडं परत ३२ मध्ये लिहिली गेली. "मोनो" वर टिचकी मारली असती तर फाइल तेवढीच राहून सगळे ६४ एका हलगीला मिळाले असते. दुसरी सीडीसुद्धा लागली नसती.

तर तपासायचं कसं? ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, स्टिरिओ ट्रॅकचे दोन भाग वेगळे करा, एक भाग "इन्व्हर्ट" करा आणि दोन्ही मिसळा. दोन्हीकडं तोच आवाज असेल तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागं थोडी सळसळ उरते. तसं झालं की मोनो करा, मगच दाबा. गाणं किंवा माणसाचा आवाज उरला, तर खरा स्टिरिओ आहे, हात लावू नका. एकाच बाजूला आवाज आणि दुसरीकडं नुसती घुंई असेल तर मोनो व्हीसीआरची एकच वायर जोडलेली आहे. तेव्हा दोन्ही मिसळायचं नाही, चांगली बाजू ठेवून दुसरी सरळ उडवायची. मिसळलंत तर घुंईही आत येते.

हाय-फाय व्हीसीआरवर जुनी टेप लावली आणि आवाज मधेच स्वच्छ, मधेच दबका व्हायला लागला, तर यंत्र दोन पट्ट्यांमध्ये उड्या मारतंय. रिमोटवर ऑडिओचं बटण असतं, त्यानं "नॉर्मल" करून टाका. एकसारखा दबका परवडला.

शिट्टी

एकदा भाचा दुकानात बसला होता, नववीतला. मी सारखं तेच रेकॉर्डिंग ऐकत होतो आणि खूश होतो. तो म्हणाला, "मामा, मागं शिट्टी वाजायल्यासारखी हाय बघा." मला काही ऐकू येईना. ग्राफ काढला तर १५,६२५ हर्ट्झवर दोरीसारखी सरळ रेघ. आपल्याकडच्या पाल सिग्नलमध्ये सेकंदाला २५ चित्रं आणि एका चित्रात ६२५ ओळी; गुणाकार करा. चित्राच्या सिग्नलमधली ही ओळींची शिट्टी स्वस्त वायरीतून आवाजात झिरपते. माझ्या वयाला ती ऐकू येत नाही, पोरांना येते. पण एन्कोडरलाही, म्हणजे आवाज दाबणाऱ्या सॉफ्टवेअरलाही, ती दिसते आणि तो तिच्यावर बिट खर्च करत बसतो.

म्हणून दाबण्याआधी साध्या व्हीसीआरच्या आवाजाला १२ किलोहर्ट्झवर लो-पास फिल्टर (त्याच्या वरचं सगळं कापणारी चाळणी) लावून टाका. त्याच्यावर टेपमध्ये काही नसतंच, जातं ते फक्त शिट्टी आणि सळसळ. हाय-फायला असा सरसकट फिल्टर लावू नका, तिथं १५,६२५ ला नेमकी खाच पाडा. विजेची ५० हर्ट्झची घुंई असेल तर तिलाही खाच. आधी मात्र वायर हलवून बघा आणि व्हीसीआर-कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, निम्म्या वेळा घुंई तिथंच जाते. सळसळ काढायचा नॉइज रिडक्शन जपून. सहा डेसिबलच्या पुढं ओढला की माणसं बादलीत तोंड घालून बोलायला लागतात. टेपची थोडी सळसळ राहिली तर कुणाचं बिघडत नाही.

किती केबीपीएस

आता मूळ प्रश्न. आत काय आहे त्यावर ठरवायचं.

बातम्या, मुलाखत, भाषण, मोनो: एएसीमध्ये ६४ पुरतात. तासाला २९ एमबीसुद्धा होत नाहीत. एमपी३ च हवा असेल तर मोनो ९६.

हलगी, घुमकं, कैताळ, ढोल, लेझीम, मोनो: एएसी ९६, एमपी३ १२८. यावर जरा थांबतो, कारण आपल्या कोल्हापुरात निम्म्या कॅसेटांत हेच असतं. एमपी३ आवाजाचे तुकडे पाडून दाबतं. एका फ्रेममध्ये ११५२ नमुने, म्हणजे ४८,००० ला २४ मिलिसेकंदांचा तुकडा. तुकड्यात आवाज एकसारखा असेल, पेटीचा सूर धरलाय असं, तर काही कळत नाही. पण हलगीवर काडी पडते तेव्हा आधी शांतता असते आणि मग एकदम फाड्‌दिशी ठोका. दाबताना झालेली खरखर त्या तुकड्यात सगळीकडं पसरते आणि ठोक्याच्या आधीच्या शांततेतही येते. ठोका पडायच्या आधीच फुसकन वारा आल्यासारखं होतं. चांगला एन्कोडर अशा जागी तुकडा बारीक करतो, पण त्याला जास्त बिट लागतात. ते नाही दिले की ठोक्याची कड जाते. काकींच्या सीडीत हेच झालंय. कैताळाचं दुखणं वेगळं: त्याचा आवाज वरच्या पट्टीत सगळीकडं पसरलेला असतो, कुठला टाकावा हेच एन्कोडरला कळत नाही. टाळ्या आणि पाऊस हे त्याचे सख्खे भाऊ. भाषणाची कॅसेट ६४ ला छान वाटते आणि टाळ्या पडल्या की पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं होतं, त्याचं कारण हेच.

हाय-फायवरचं नाट्यसंगीत, गाण्यांचे कार्यक्रम, स्टिरिओ: एएसी १६० ते १९२, एमपी३ १९२ ते २५६. १९२ ला तासाला ८६ एमबी. आजच्या पेनड्राइव्हांच्या जमान्यात यात काटकसर करणारा माणूस मला कळत नाही. चित्राला २००० केबीपीएस देतो आणि आवाजात ६४ वाचवतो, म्हणजे लग्नाला मांडव लाखाचा आणि जेवणात कोशिंबीर नाही.

एएसी निवडताना यादीत "एचई-एएसी" असंही दिसेल. कमी बिटरेटला ते हुशार आहे, वरचा निम्मा आवाज ते अंदाजानं बांधून देतं. पण ज्या जुन्या टीव्हीला हे बांधकाम जमत नाही, तो फक्त खालचा अर्धा वाजवतो आणि सगळं उशीखालून आल्यासारखं येतं. साधं एएसी, "एलसी" लिहिलेलं, तेच घ्या. ओपस त्याहून चांगलं आहे, मान्य. पण घरच्या जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून आजोबांना दाखवायचं असेल तर आवाजच येणार नाही असं होऊ शकतं.

बिटरेट कायम की बदलता, हा वाद एमपी४ आणि एमकेव्हीमध्ये सोडून द्या, दोन्ही चालतात. एव्हीआयमध्ये एमपी३ घालणार असाल तर मात्र कायमच ठेवा, बदलत्यानं आवाज चित्राच्या मागं-पुढं होतो.

आणि एकुलती एक कॅसेट असेल, जिला परत कुणी वाजवणार नाही, तर वाटायच्या फाइलबरोबर मूळ आवाजाची फ्लॅक प्रत वेगळी ठेवा. त्यात काहीच टाकलं जात नाही, जागा बहुतेक वेळा पीसीएमच्या निम्म्याच्या आसपास लागते. मोनो असेल तर एका तासाचे ३४६ एमबी आणि त्याचे निम्मे. यावर विचार करायचंसुद्धा कारण नाही.

सेटटॉप बॉक्सचं वेगळं

फ्री डिशचे काही बॉक्स पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करून देतात, टीएस फाइल मिळते. त्यातला आवाज चॅनेलनंच आधी दाबून पाठवलेला असतो, बहुतेक एमपी२ मध्ये. तो परत दाबू नका. एव्हीडेमक्स किंवा एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या जागी "कॉपी" निवडा, जाहिराती कापा, फाइल ठेवून द्या. तीच गोष्ट डोंगलनं परत उतरवत बसणारी माणसं मी बघितलीत. सोन्याची अंगठी वितळवून तशीच अंगठी घडवायची आणि घट सोसायची.

कान कसा लावायचा

पूर्ण फाइल दाबण्याआधी अर्ध्या मिनिटाचा तुकडा काढा. सोपा नको, सगळ्यात अवघड: हलगी तापलेली, लोक ओरडतायत, माइकवाला मधेच बोलतोय. त्याचे ६४, ९६, १२८ आणि न दाबलेला असे चार तुकडे करा. भाच्याला सांगा नावं बदलून दे. शंभर-दीडशे रुपयांचा कानात घालायचा हेडफोन चालतो, टीव्हीचा स्पीकर चालत नाही. ज्या आकड्याला तुम्हाला दाबलेला आणि न दाबलेला वेगळा ओळखता येईना, त्याच्या वरची एक पायरी घ्या आणि कामाला लागा. शेवटी तयार फाइल सुरुवातीला, मध्यावर आणि अखेरीला बघा: काडी कातड्यावर पडताना दिसते तेव्हाच ठोका येतो का.

व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते परत दाबतं, एवढी सगळी मेहनत पाण्यात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, दोन तुकडे करा.

काकींचं मग काय केलं? सीडीवरची फाइल त्यांच्या टीव्हीवर चालेना, चित्राचा जुना फॉरमॅट त्याला कळत नव्हता. चित्र नव्यानं केलं. आवाज तेवढा जसा होता तसा उचलून एमपी४ मध्ये ठेवला, ६४ चा ६४, "कॉपी". आधी वाटलं होतं, १९२ करून द्यावा, फाइल तरी मोठी दिसेल. पेनड्राइव्ह घ्यायला काकी आल्या तेव्हा २००८ चा सगळा प्रकार त्यांना सांगितला, मोनोच्या टिचकीसकट. त्यांनी हेडफोन मागून घेतला, पहिल्या कुस्तीपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्यो डावीकडचा बारीक ठोका त्येंचा न्हाई, जोडीदाराचा हाय." मोनोत डावं-उजवं नसतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.